हसू नका, फोटो आहे!

फोटो काढून घेणं ही एक कला आहे आणि ती मला कधीच वश झाली नाही. काही माणसं अशी असतात की कॅमेरा समोर आला की त्यांच्या चेहऱ्यावर चंद्र उगवतो. माझ्या चेहऱ्यावर अमावास्या येते. शाळेच्या ग्रुपफोटोपासून लग्नाच्या अल्बमपर्यंत आणि ऑफिसच्या ओळखपत्रापासून ज्येष्ठ नागरिकाच्या कार्डापर्यंत सगळीकडे माझा एकच चेहरा आहे : विजेचं बिल अपेक्षेपेक्षा जास्त आलेल्या माणसाचा. लग्नाचा अल्बम बघून आमच्या एका आत्याबाईंनी "मुलाला मुलगी पसंत नव्हती का रे?" असं विचारलं होतं. ही शेजारीच बसली होती. त्या प्रश्नाचं उत्तर मी गेली त्रेचाळीस वर्षं देतो आहे.

मागच्या वर्षी आम्ही दोघं कन्येकडे इटलीला जायला निघालो आणि व्हिसासाठी पुन्हा एकदा फोटोच्या दुकानाची पायरी चढलो. व्हिसाच्या फोटोचं एक शास्त्र असतं. रुंदी पस्तीस मिलिमीटर, उंची पंचेचाळीस मिलिमीटर, मागे फिकट पडदा, आणि त्यातली सत्तर ते ऐंशी टक्के जागा चेहऱ्याची. उरलेल्या जागेत कान, मान आणि मानमरातब काय बसेल तेवढा बसवायचा. मी स्टुलावर बसलो. नेहमी फोटोवाले "जरा हसा" म्हणतात आणि माझी पंचाईत होते. हा पोरगा म्हणाला, "काका, हसू नका. मशीन ओळखत नाही."

"काय ओळखत नाही?"

"तुम्हाला. हसलं की चेहरा बदलतो ना. मग मशीनला कळत नाही तुम्हीच आहात म्हणून."

आयुष्यात पहिल्यांदाच माझा चेहरा कायद्याला हवा तसा होता. फोटो एका झटक्यात पास झाला. पण घरी येताना ते वाक्य चपलेतल्या खड्यासारखं टोचत राहिलं. हसलो की मी मी राहत नाही? मग न हसणारा जो कोणी आहे तोच काय तो खरा, आणि हसणारा कोण? तोतया? आता हा प्रश्न शंकराचार्यांना विचारण्याच्या तोडीचा आहे. तो मला एका झेरॉक्सच्या दुकानाशेजारी पडावा, याला मी काय करणार?

तर आम्ही मिलानला पोचलो. कन्या तिथे डिझाइन शिकायला गेली, शिकली, आणि शिकलेलं फेडायला तिथेच राहिली. फोटो काढणं हा तिचा व्यवसाय. जावईबापू संगणकातलं काहीतरी करतात. काय ते मी तीनदा विचारलं, त्यांनी तीनदा सांगितलं, आणि आता चौथ्यांदा विचारायची मला लाज वाटते. त्यांचं घर बघून मात्र मी थक्क झालो. मधे अंगण, चारी बाजूंनी मजले, आणि प्रत्येक मजल्यावर सगळ्या बिऱ्हाडांपुढून जाणारी लोखंडी कठड्याची एकच लांब गॅलरी. मिलानमध्ये अशी जुनी घरं पुष्कळ आहेत. कासा दी रिंगिएरा म्हणतात, म्हणजे कठड्याचं घर. मी म्हटलं, "अगं, ही तर चाळ!" सात समुद्र ओलांडून पोरीनं शेवटी चाळीतच संसार मांडला, याचा हिला फार आनंद झाला. दुसऱ्या दिवशी तिनं कठड्यावर पातळ वाळत घातलं आणि समोरच्या इटालियन आजीबाईंशी हातवाऱ्यांनी संभाषण सुरू केलं. आठ दिवसांत तिला त्या आजीबाईंच्या सुनेचे सगळे दोष माहीत झाले होते. कोणत्या भाषेत, ते देव जाणे.

आता एक गोष्ट कबूल करतो. या प्रवासात माझा एक छुपा हेतू होता. सत्तरी उलटल्यावर माणसाला एका चांगल्या फोटोची गरज वाटू लागते. कशासाठी, ते तुम्हीही जाणता. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ अचानक गेले तेव्हा घरात त्यांचा एकटा असा फोटोच सापडेना. शेवटी कुठल्याशा लग्नाच्या पंगतीतला फोटो मोठा करून लावला. त्यात त्यांच्या गालात जिलबी आहे. दहाव्यापर्यंत लोक त्या फोटोला नमस्कार करत होते आणि मनात म्हणत होते, गिळू तरी द्यायची होती! माझी अशी अवस्था होऊ नये म्हणून मी सुटकेसच्या तळाशी बंद गळ्याचा काळा कोट घातला होता. पोरगी फोटोग्राफर आहे, तर एक भारदस्त, भिंतीवर शोभेल असा फोटो काढून घ्यावा. हिनं सुटकेस उघडली आणि कोट बघून विचारलं, "मिलानमध्ये कोणाचं लग्न आहे?" मी विषय बदलला.

एका रविवारी कन्या आम्हाला तिच्या स्टुडिओत घेऊन गेली. एके काळची कसलीशी कारखान्याची शेड होती. मी कोट घालून, भांग पाडून, छत्रीसह सज्ज होतो. (मिलानचं आभाळ आणि आमच्या हिचा स्वभाव यांचा भरवसा नसल्यामुळे छत्री मी सोडत नाही.) दार उघडलं, आणि मला वाटलं आपण चुकून बालवाडीत शिरलो.

भिंतीवरून जमिनीपर्यंत गुलाबी कागद उतरला होता. नऊ फूट रुंद कागदाची गुंडाळी वर टांगतात आणि ती खाली वळवून जमिनीवर पसरतात, म्हणजे भिंत कुठे संपते आणि जमीन कुठे सुरू होते ते कळत नाही. त्या गुलाबी कागदावर काळ्या कागदाच्या कापलेल्या अळ्या चिकटवल्या होत्या. मधेच एक पिवळा जिना. तीन पायऱ्या चढायच्या, पुढे काही नाही. एक पिस्त्याच्या रंगाचा खांब, ज्याच्यावर छप्पर नव्हतं. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा एक ठोकळा. एक लाल त्रिकोण, एक निळा गोळा. आणि बसायला खुर्ची म्हणून एक लोखंडी कडं, त्याला पाठ टेकायला निळी चकती, आणि हात ठेवायच्या जागी दोन काळे चेंडू.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"मेम्फिस," कन्या म्हणाली.

"मिलानमध्ये?"

"हो बाबा. मेम्फिस मिलानचंच आहे."

मग तिनं जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. १९८० सालच्या डिसेंबरात या मिलान शहरात एत्तोरे सोत्सास नावाच्या वास्तुविशारदाच्या घरी काही तरुण मंडळी जमली. नव्या प्रकारचं फर्निचर करायचं असा बेत होता. रात्रभर गप्पा चालल्या होत्या आणि तबकडीवर बॉब डिलनचं एक गाणं पुन्हा पुन्हा वाजत होतं, ज्यात मेम्फिस हा शब्द येतो. गटाला नाव हवं होतं, कोणीतरी म्हणालं मेम्फिस, झालं! अमेरिकेतलं एल्व्हिसचं गाव मेम्फिस आणि इजिप्तची पुरातन राजधानीही मेम्फिस, असा दुहेरी फायदा. आपल्याकडे मंडळाचं नाव ठरवायला तीन सभा आणि एक राजीनामा लागतो.

पुढच्या वर्षी, १९८१ च्या सप्टेंबरात, त्यांनी मिलानमध्ये पहिलं प्रदर्शन भरवलं आणि बघणाऱ्यांची बोटं तोंडात गेली. त्यात सोत्सासचं कार्लटन नावाचं पुस्तकांचं कपाट होतं. सहा फुटांहून उंच, रंगीबेरंगी, आणि निम्म्या फळ्या तिरक्या! लांबून बघितलं तर कोणीतरी हात वर करून नाचतंय असं वाटतं. मार्तीन बेदँ नावाच्या फ्रेंच मुलीनं चाकांचा दिवा केला होता. अर्धगोल, वर उघडे बल्ब, आणि मागे दोरीसारखी वायर. म्हणजे दिवा कुत्र्यासारखा फिरायला न्यायचा. मसानोरी उमेदा नावाच्या जपानी गृहस्थांनी बॉक्सिंगच्या रिंगणाच्या आकाराची बैठक केली होती, चारी बाजूंना दोर बांधलेली. आता बसण्यासाठी बॉक्सिंगचं रिंगण, ही कल्पना जपानी माणसाला सुचली याचं मला नवल वाटतं. कोणत्याही विवाहित मराठी माणसाला ती आधी सुचायला हवी होती.

"आणि बाबा, हा फोटो बघ," म्हणून कन्येनं एक पुस्तक उघडलं. त्या रिंगणात सगळी मेम्फिस मंडळी बसली आहेत, लोळली आहेत. कोणी रेललंय, कोणी पाय पसरलेत. जगाच्या डिझाइनची उलथापालथ करणाऱ्या माणसांचा हा ग्रुपफोटो! आमच्या ऑफिसच्या ग्रुपफोटोत पुढच्या रांगेतल्या साहेबांच्या गुडघ्यांमधलं अंतरसुद्धा नियमानं ठरलेलं असे.

"सगळी पोरंच दिसतात," मी म्हटलं.

"सोत्सास चौसष्ट वर्षांचे होते तेव्हा."

मी गप्प झालो. चौसष्टाव्या वर्षी मी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचा हिशोब ठेवत होतो.

या सगळ्याला उत्तर-आधुनिक म्हणतात, असंही तिनं सांगितलं. या शब्दाची मला नेहमीच भीती वाटत आली आहे. प्रश्न नीट कळायच्या आधीच कोणीतरी उत्तर देऊन मोकळं झालंय असं वाटतं. पण प्रश्न साधा होता. अमेरिकेतल्या लुई सलिव्हन नावाच्या वास्तुविशारदानं १८९६ साली एक सिद्धान्त मांडला होता, की वस्तूचं रूप तिच्या कामाच्या मागून यावं. पुढच्यांनी त्याची शिस्त केली. खुर्ची बसायला, तर बसण्यापुरती खुर्ची. नक्षी नको, लाड नको, रंग शक्यतो पांढरा. जगभरचं फर्निचर हळूहळू दवाखान्यासारखं दिसू लागलं. मेम्फिसवाल्यांनी विचारलं, बाबांनो, खुर्चीचं काम नुसतं बसणं एवढंच का? घरातल्या वस्तूनं माणसाशी दोन शब्द बोलावेत, कधी चिडवावं, कधी हसवावं, हे तिचं काम नाही का?

आणि वापरलं काय, तर सनमायका! म्हणजे तिकडे त्याला प्लॅस्टिक लॅमिनेट म्हणतात. तोवर ते स्वयंपाकघरात नाहीतर कॉफीच्या टपरीवर शोभायचं. यांनी ते सरळ दिवाणखान्यात आणलं. सोत्साससाहेबांनी १९७८ साली त्यासाठी एक नक्षीच काढली होती, काळ्या वळवळणाऱ्या अळ्यांची. नाव बाक्तेरिओ. म्हणजे जंतू! हे ऐकल्यावर ही म्हणाली, "आपल्या ओट्याजवळच्या टेबलाला मी असाच सनमायका म्हणत होते तर तुम्ही म्हणालात, डोळ्यांना त्रास होईल. पांढरा लावलात. त्यावर हळदीचा डाग पडला तो अजून तसाच आहे." चाळीस वर्षांपूर्वीची हार हिनं मिलानमध्ये येऊन जिंकली.

"ते सगळं ठीक आहे," मी मुद्द्यावर आलो, "पण माझ्या फोटोमागे जंतू नकोत. मला एक साधा, गंभीर फोटो हवा आहे."

"कशासाठी?"

आता पोरीला काय सांगणार? पण आमच्या हिला काय? ती म्हणाली, "भिंतीवर लावायला हवाय त्यांना. नंतर. म्हणून तो कोट आणलाय. मला काय कळत नाही का?"

जरा वेळ कोणी बोललं नाही. मग कन्येनं विचारलं, "बाबा, पण गंभीरच का?"

प्रश्न बाळबोध होता, आणि बाळबोध प्रश्नांची हीच तर खोड असते, उत्तर सापडत नाही. मी म्हटलं, "प्रतिष्ठा असते माणसाची. माणूस गेल्यावर त्याचं खरं रूप राहिलं पाहिजे."

"आणि तुझं खरं रूप बंद गळ्याच्या कोटात आहे?"

हा कोट मी उभ्या आयुष्यात चारदा घातला आहे. एकदा माझ्या लग्नात, एकदा तिच्या लग्नात, एकदा निवृत्तीच्या समारंभात आणि एकदा चुकून. एरवी माझं खरं रूप पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात आणि कोपरावर विरलेल्या बनियनमध्ये असतं. नीट विचार केला तर त्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या ठोकळ्याशी त्याचं जास्त साम्य होतं.

आपण गांभीर्याला विनाकारण सत्याचं सख्खं भावंड मानतो. समर्थांनी विनोदाची आवड टवाळांच्या नावावर लिहून ठेवली आणि तेव्हापासून मराठी माणूस फोटोत हसायला घाबरतो. लहानपणी जत्रेत फोटोवाल्यांचे तंबू असायचे. तिथे पुठ्ठ्याचं विमान असे, पुठ्ठ्याची मोटार असे, बसायला चंद्रकोर असे. पाठीमागे पडद्यावर ताजमहाल आणि हंस. म्हणजे कन्येच्या स्टुडिओत जे होतं त्याचीच ही गावठी आजी. पण त्या पुठ्ठ्याच्या विमानात बसून आम्ही काय करायचो? खऱ्या वैमानिकापेक्षा गंभीर चेहरा! विमान खोटं, ढग खोटे, आणि त्यात सगळ्यात खोटे आम्ही. कारण विमानाला निदान माहीत होतं की आपण पुठ्ठ्याचे आहोत.

एवढ्यात ही उठली. "माझा काढ गं आधी. यांचं ठरेपर्यंत संध्याकाळ होईल."

कन्येची एक पद्धत आहे. फोटोला येणाऱ्यानं घरातली एक रोजची वस्तू आणायची. हिनं पिशवीतून पोळपाट आणि लाटणं काढलं. पुण्याहून लेकीसाठी आणलेलं. कन्या आनंदानं ओरडलीच. "आई! वर्तुळ आणि दंडगोल!" मेम्फिसवाल्यांना साधे भूमितीचे आकार फार प्रिय. पन्नास वर्षं आपण भूमिती हाताळतो आहोत हे कळल्यावर ही एकदम ताठ झाली. पिवळ्या जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर नऊवारी नव्हे, साधी सुती पाचवारी नेसून, पोळपाट काखेत आणि लाटणं राजदंडासारखं धरून उभी राहिली. कन्येनं दिवा असा लावला की सावलीसुद्धा कात्रीनं कापल्यासारखी पडली. एरवी पोर्ट्रेटला मऊ, गाळलेला उजेड वापरतात, इथे मुद्दाम कडक. मग माझ्याकडे बघून ही म्हणाली, "बघताय काय? या लाटण्याची भीती वाटते ना?" आणि स्वतःच्याच विनोदावर हसली. खळखळून. फोटो निघाला. त्यात ती आहे. अख्खी, त्रेचाळीस वर्षांची माझी बायको.

आता माझी पाळी. मी त्या कड्याच्या खुर्चीवर बसलो. असल्या खुर्चीवर माणसाला ऐटीत बसताच येत नाही. पाठ टेकावी तर चकती एवढीशी, हात ठेवावे तर चेंडू. (ही खुर्ची मूळ मिकेले दे लुक्की यांची, १९८३ सालची, नाव फर्स्ट. कन्येनं तिची नक्कल केली होती.) माझा चेहरा वीजबिलावर गेला. कन्येनं दहा-बारा फोटो काढले आणि कॅमेरा खाली ठेवला.

"बाबा, एक सांगू? तुला वाटतंय की हा सगळा पोरखेळ आहे. सोत्सास १९६१ साली भारतात गेले होते. परत आल्यावर मूत्रपिंडाच्या विकारानं जवळजवळ गेलेच होते. कॅलिफोर्नियात उपचार झाले म्हणून वाचले. त्यानंतर त्यांनी मातीच्या थाळ्या केल्या. नाव ठेवलं, शिवाला अर्पण. १९६४ साली. ज्या माणसानं मरण इतक्या जवळून पाहिलं, त्यानं पुढे ही वाकडी कपाटं केली. म्हणजे त्याला गंभीर गोष्टी कळत नव्हत्या असं नाही ना?"

नाही. असं नाही म्हणता येणार. उलट मला वाटलं, ज्यानं शेवट पाहिलाय त्यालाच बहुधा फळी सरळ असण्याचं फारसं महत्त्व वाटत नसेल. फळी सरळ ठेवली तरी पुस्तकं शेवटी कलंडतातच.

आणि मग मला ती गोष्ट सांगावीच लागली, जी मी कधी कोणाला सांगितली नव्हती.

आमच्या घरात माझ्या आईचा एकच फोटो आहे. चंदनाचा हार घातलेला. त्यात आई अशी दिसते, की जणू न्यायालयात निकाल ऐकते आहे. कन्या पाच वर्षांची असताना तिनं त्याच्याकडे बोट दाखवून विचारलं होतं, "बाबा, आजी रागीट होती का?" मी "नाही गं" म्हणालो होतो आणि पेपर तोंडापुढे धरला होता.

आई १९७४ साली गेली. मी तेव्हा वीस वर्षांचा. एकटीचा तिचा फोटो नव्हता. मावशीच्या लग्नातला, १९६८ सालचा, एक ग्रुपफोटो होता. त्यात आई हसत होती. कारण फोटोग्राफरनं काळ्या फडक्यात डोकं घालून "रेडी" म्हणायला आणि नवरदेवाचा फेटा सुटायला एकच गाठ पडली. तो फोटो घेऊन मी स्टुडिओत गेलो. तिथल्या कारागिरानं आईला त्यातून वेगळी काढली, मोठी केली. त्या काळी मोठ्या केलेल्या फोटोवर ब्रश आणि पेन्सिलनं हात फिरवत. तो म्हणाला, "हाराचा फोटो हसरा बरा दिसत नाही. ओठ मिटवू का?" बरोबर आलेले काका म्हणाले, "ते मुलाला विचारा." मी मोठा मुलगा. मी म्हणालो, "मिटवा."

कारागिराची चूक नव्हती, काकांचीही नव्हती. मीच सांगितलं. मला वाटलं, दुःखाला हेच शोभतं. पुढे मावशीकडचा मूळ फोटो वाळवीनं खाल्ला. झालं. आईचं हसू या जगातून कायमचं पुसलं गेलं ते माझ्या एका शब्दानं. आणि ते मी पुसलं कशासाठी, तर आईची प्रतिष्ठा राहावी म्हणून! मशीन ओळखत नाही म्हणतात ना? या फोटोतल्या बाईला मीच पन्नास वर्षं ओळखत नव्हतो.

स्टुडिओत चिडीचूप झालं. मग कन्येनं हळूच विचारलं, "फेटा सुटला म्हणजे नक्की काय झालं?"

"अगं, सुटला म्हणजे साधा नाही! आमचे काका... म्हणजे मावशीचे यजमान, ते सहा फूट उंच. आणि फेटा बांधणारा घाईत..." मी खुर्चीतून उठलो. फेट्याचं शेपूट पाठीवरून कसं घसरलं, मागे उभ्या असलेल्या भटजींनी ते उपरणं समजून स्वतःच्या खांद्यावर कसं टाकलं, मग नवरदेवानं मान फिरवल्याबरोबर भटजी कसे ओढले गेले, हे सगळं मी छत्रीचा फेटा करून दाखवत होतो. जागा पुरेना म्हणून जिना चढलो. हात वर केले. सांगता सांगता मला आई दिसत होती. पदर तोंडाला लावायचीही शुद्ध नसलेली. आणि मलाही हसू आवरेना.

खट् असा आवाज झाला.

छोट्या पडद्यावर फोटो दिसला. गुलाबी पार्श्वभूमी, काळ्या अळ्या, पिवळ्या जिन्यावर बंद गळ्याच्या कोटातला एक म्हातारा दोन्ही हात वर करून, डोळे मिटून, तोंड उघडं टाकून हसतो आहे. त्या कार्लटन कपाटासारखा. ही बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "सासूबाईंना मी कधी पाहिलं नव्हतं. आज पाहिलं." आणि लगेच सावरून, "पण कवळी दिसतेय हो वरची."

आता यावरून तुम्ही असा निष्कर्ष काढू नका, की माणसानं फोटोत हसलंच पाहिजे. हसण्याची सक्ती ही गांभीर्याच्या सक्तीची धाकटी बहीण. हल्ली जो तो फोन पुढे धरून दात दाखवतो आणि फोन खाली गेला की दात मिटतो. तेही पुठ्ठ्याचं विमानच. मेम्फिसचंही शेवटी तसंच झालं. सुरुवातीला सभ्य अभिरुचीला वेडावून दाखवणारं हे फर्निचर, पण कार्ल लागरफेल्डसारख्या फॅशनच्या बादशहानं त्यानं आपला मोंटे कार्लोतला फ्लॅटच भरून टाकला. बंडखोरीचा गणवेश शिवून तयार झाला. सोत्सास १९८५ साली स्वतःच त्यातून बाहेर पडले. खेळाचा नियम झाला, की खेळणाऱ्यानं उठावं, हे त्यांना कळत होतं.

मला कळलं ते एवढंच, की त्या वेड्यावाकड्या खुर्चीचा एक मोठा गुण आहे. तिच्यावर माणूस कसाबसा बसतो, पण त्याच्या प्रतिष्ठेला बसायला जागाच ठेवलेली नाही. ती बिचारी कंटाळून थोडा वेळ बाहेर जाऊन उभी राहते. तेवढ्या वेळात जो कोणी उरतो, हसरा असेल, रडका असेल, वीजबिलवाला असेल, त्याचा फोटो काढावा. मशीन ओळखो न ओळखो. ओळखायचं काम घरच्यांचं आहे.

आणि ज्याचा फोटो, त्याचा चेहरा. तो दुरुस्त करायचा हक्क दुःखालासुद्धा नाही. हे मला विसाव्या वर्षी कळायला हवं होतं.

पुण्याला परतताना कन्येनं दोन्ही फोटो मोठे करून, गुंडाळून दिले. मी म्हटलं, माझा लागेल तेव्हा काढू. ही म्हणाली, "हाराची वाट कशाला बघायची? आत्ताच लावू. आणि वेळ आलीच तर झेंडूचा घालू. मागच्या गुलाबीवर उठून दिसेल." हिची रंगांची जाण चाळीस वर्षं वाया गेली हे मी आता मान्य केलं आहे.

फोटो लावला. आईच्या फोटोच्या शेजारी नाही, बरोबर समोरच्या भिंतीवर. शेजारी लावला असता तर तिला दिसला नसता.